टाकीत एकच सेन्सर: न मोजलेला पाणीवापर ओळखून पंप कसा चालवायचा

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी दाखवणारा सेन्सर बसवणं आता सोपं झालं आहे. पण पातळी कळली म्हणजे सगळं कळलं असं होत नाही. पंप कधी लावायचा हे ठरवताना खरी माहिती लागते ती पाणी किती वेगाने वापरलं जातंय याची, आणि ती मोजणारं मीटर बहुतेक इमारतींत नसतं. टाकीतून खाली उतरणारे पाइप चार-सहा असतात. प्रत्येकावर मीटर लावायचं तर खर्च येतो, गाळाने ते अडकतं आणि देखभाल मागे लागते.

हा वापर न मोजताही बऱ्यापैकी अचूक कळू शकतो. त्यासाठी पातळीचा एक सेन्सर, पंप चालू आहे की बंद ही नोंद आणि एक छोटंसं समीकरण एवढं पुरतं. नियंत्रण अभियांत्रिकीत या पद्धतीला ऑब्झर्व्हर म्हणतात. डेव्हिड लुएनबर्गर यांनी १९६४ साली तिची मांडणी केली. त्याआधी, १९६० मध्ये, रुडॉल्फ काल्मन यांनी याच प्रश्नाचं संभाव्यतेच्या अंगाने उत्तर दिलं होतं. अपोलो यानाच्या संगणकात दिशादर्शनासाठी काल्मन यांचीच पद्धत वापरली गेली. टाकीला इतकं जड गणित लागत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार येत असेल तर पुढचं सगळं कागदावर करून पाहता येईल, आणि एकदा तरी ते कागदावरच करावं असा माझा आग्रह आहे.

पहिलं काम: समीकरण लिहा

सेन्सर विकत घेण्याआधी हे करा. एक उदाहरण धरू. टाकी आतून २ मीटर बाय २.५ मीटर, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटर. पातळी १ सेंमी वाढली की ५० लिटर पाणी आलं. पंप मिनिटाला १०० लिटर चढवतो, म्हणजे पातळी मिनिटाला २ सेंमी वाढवतो. वापर मिनिटाला २० लिटर असेल तर पातळी मिनिटाला ०.४ सेंमी उतरते.

आता सगळं सेंमी आणि मिनिटांत मांडा:

नवी पातळी = जुनी पातळी + पंपाची आवक − वापर

पंप बंद असेल तेव्हा आवक शून्य. वापराबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, म्हणून तात्पुरतं सर्वांत साधं गृहीतक धरू: पुढच्या मिनिटाचा वापर या मिनिटाइतकाच असेल. सकाळी सात वाजता हे खोटं ठरणार हे उघड आहे, पण ऑब्झर्व्हर ते मिनिटागणिक दुरुस्त करत राहील.

पातळी आणि वापर या दोन राशींना मिळून प्रणालीची ‘अवस्था’ म्हणतात. त्यातली पातळी आपण मोजतो. वापर कुठेच मोजला जात नाही.

टाकी गोल असेल तर क्षेत्रफळ त्रिज्येवरून काढा. प्लास्टिकच्या टाक्या बऱ्याचदा वर निमुळत्या असतात. तिथे दर १० सेंमीला क्षेत्रफळ किती याचा लहान तक्ता करून ठेवावा लागतो.

पंपाचा आकडा मोजून घ्या

पंपाच्या पाटीवर लिहिलेला प्रवाह धरू नका. तो ठरावीक उंचीसाठी असतो आणि तुमच्या इमारतीची उंची, पाइपाची वळणं, आत साचलेले क्षार यांवर प्रत्यक्ष आकडा अवलंबून असतो. पहाटे तीनच्या सुमारास टाकीचे खाली जाणारे व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास पंप चालवा आणि पट्टीने पातळी मोजा. ६० सेंमी वाढली तर आवक मिनिटाला २ सेंमी. व्होल्टेज कमी असताना आणि खालची टाकी तळाला गेलेली असताना हा आकडा घसरतो, म्हणून दोन वेगळ्या दिवशी मोजलेलं चांगलं.

सेन्सर आणि त्याची थरथर

घरगुती कामात बहुतेक जण अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरतात. तो ४० किलोहर्ट्झचा ध्वनी पाण्याकडे सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो. १ सेंमी अंतराला जाऊन-येऊन साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात. टाकीतल्या दमटपणात उघडा सेन्सर टिकत नाही, जलरोधक घ्या. मात्र जलरोधक प्रकाराला सेन्सरपासून पहिल्या २०-२५ सेंमीमधलं काही दिसत नाही. म्हणून पाण्याची सर्वांत वरची पातळी आणि सेन्सर यांत निदान ३० सेंमी मोकळे ठेवा.

तापमानाकडेही लक्ष द्या. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि दर अंशामागे ०.६ मीटरने वाढतो. टाकीतली हवा २० अंशांवरून ४० अंशांवर गेली तर अंतरात साडेतीन टक्के चूक येते. पाणी सेन्सरपासून १ मीटर खाली असेल तर ती चूक ३.५ सेंमी होते, म्हणजे १७५ लिटर. शेजारी एखादा स्वस्त तापमान सेन्सर लावून ही दुरुस्ती करून घ्यावी. वापराच्या अंदाजाला मात्र याचा त्रास थोडाच होतो, कारण तापमान सावकाश बदलतं. ३.५ सेंमीची चूक सहा तासांत पसरली तर ती मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास भरते.

दर मिनिटाला एकच वाचन घेऊ नका. पंधरा-वीस वाचनं घ्या, ती लहान-मोठी अशी क्रमाने लावा आणि मधलं उचला. सरासरीपेक्षा हे बरं, कारण शिडीवरून किंवा भिंतीवरून आलेला एखादा खोटा प्रतिध्वनी सरासरी बिघडवतो, मधल्या आकड्याला धक्का लावत नाही.

मग रात्री तासभर नोंदी घ्या. त्यांतून एक सरळ रेषा काढा आणि रेषेपासून वाचनं किती इकडेतिकडे पडतात ते पाहा. स्प्रेडशीटमध्ये या विचलनाचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) एका सूत्राने निघतं. हीच सेन्सरची थरथर. आपल्या उदाहरणात ते ०.५ सेंमी धरू. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर उभे आहेत, त्यामुळे तो अंदाजाने ठरवू नका.

सरळ वजाबाकी का चालत नाही

पहिल्यांदा सगळ्यांना हेच सुचतं: या मिनिटाच्या पातळीतून मागच्या मिनिटाची पातळी वजा करा, वापर निघाला. पण दोन्ही वाचनांत ०.५ सेंमीची थरथर आहे. वजाबाकीत त्या दोन थरथरी एकत्र येऊन ०.७ सेंमी होतात, म्हणजे मिनिटाला ३५ लिटर. आपण जो वापर शोधतोय तो २० लिटरचा. आकडा एका मिनिटाला ५५ येईल, पुढच्याला उणे १५. त्यावर पंप सोपवता येत नाही.

तासाभराचा फरक काढला तर थरथर बुजते, पण मग माहिती तासाभराने शिळी होऊन हाती येते.

ऑब्झर्व्हर: आधी भाकीत, मग दुरुस्ती

दर मिनिटाला चार ओळींचं गणित करायचं:

१. भाकीत = मागची अंदाजित पातळी + आवक − अंदाजित वापर
२. तफावत = सेन्सरचं वाचन − भाकीत
३. नवी अंदाजित पातळी = भाकीत + पहिला गुणक × तफावत
४. नवा अंदाजित वापर = जुना अंदाजित वापर − दुसरा गुणक × तफावत

चौथ्या ओळीतलं उणे चिन्ह नीट समजून घ्या. पाणी भाकितापेक्षा जास्त खाली गेलं तर तफावत उणे येते. त्याचा अर्थ, वापर आपल्याला वाटला त्यापेक्षा जास्त आहे. म्हणून वापराचा अंदाज वाढायला हवा.

एक फेरी करून पाहू. अंदाजित पातळी १०० सेंमी, अंदाजित वापर ०.४, पंप बंद. गुणक ०.३६ आणि ०.०४ घेतले आहेत. भाकीत ९९.६. सेन्सर म्हणतो ९९.१. तफावत उणे ०.५. नवी पातळी ९९.६ − ०.१८ = ९९.४२. नवा वापर ०.४ + ०.०२ = ०.४२, म्हणजे मिनिटाला २० वरून २१ लिटर. एका वाचनावर फार विसंबायचं नाही, पण ते वाया जाऊ द्यायचं नाही, हे दोन्ही या लहान गुणकांतून साधतं.

सुरुवात करताना पातळीच्या जागी सेन्सरचं वाचन ठेवा, वापराच्या जागी शून्य. विसेक मिनिटांत अंदाज जागेवर येतो.

गुणक कुठून आणायचे

हे आकडे हवेतून घेतलेले नाहीत. अंदाजातली चूक दर मिनिटाला किती पटीने उरावी हे आधी ठरवायचं. त्या संख्येला पोल म्हणतात आणि ती शून्य ते एक यांच्यामध्ये असते. दोन्ही राशींसाठी एकच पोल घेतला तर आपल्या टाकीचं सूत्र फार सोपं निघतं:

पहिला गुणक = १ − (पोलचा वर्ग)
दुसरा गुणक = (१ − पोल) चा वर्ग

पोल ०.८ घेतला तर ०.३६ आणि ०.०४. पोल ०.९ घेतला तर ०.१९ आणि ०.०१.

निवड कशी करायची? सेन्सरची थरथर ०.५ सेंमी धरून हिशेब केला तर चित्र असं दिसतं. पोल ०.५ असताना वापराचा अंदाज मिनिटाला ७ लिटरने थरथरतो आणि वाढत्या वापराच्या ३ मिनिटं मागे राहतो. पोल ०.८ ला थरथर १.३ लिटरवर येते, मागे राहणं ९ मिनिटांवर जातं. पोल ०.९ ला थरथर अर्ध्या लिटरहून कमी, पण अंदाज १९ मिनिटं मागे.

या दोहोंतून सुटका करून देणारा गुणक अस्तित्वात नाही. थरथर कमी हवी तर उशीर सोसावा लागतो. पंपाचे निर्णय तासाभराच्या हिशेबाने घ्यायचे असतात, तिथे ९ मिनिटांचा उशीर चालतो. म्हणून पंपासाठी मी ०.८ घेईन. गळती शोधायला घाई नसते, तिथे ०.९ किंवा त्याहूनही पुढे जावं. एकाच सेन्सरवर असे दोन ऑब्झर्व्हर शेजारी-शेजारी चालवायला काहीच हरकत नाही. दोन्ही मिळून दर मिनिटाला आठ ओळींचं गणित होतं, आणि सर्वांत स्वस्त मायक्रोकंट्रोलरलाही (एका चिपवरच्या छोट्या संगणकालाही) ते जड नाही.

जे डेटात नाही ते काढता येत नाही

नवशिक्यांनी इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं.

समजा, पंपाची आवकही आपल्याला माहीत नाही आणि ऑब्झर्व्हरनेच ती शोधावी असं ठरवलं. आता अवस्था तीन राशींची झाली: पातळी, आवक, वापर. पंप सतत चालू आहे आणि पातळी मिनिटाला १.६ सेंमी वाढतेय. आवक २ आणि वापर ०.४ असेल तरी हेच दिसेल. आवक १.९ आणि वापर ०.३ असेल तरी हेच. आवक ३ आणि वापर १.४ असला तरीसुद्धा. महिनाभर नोंदी घेतल्या, सेन्सर दहापट अचूक आणला, तरी या शक्यतांमधली खरी कोणती हे सांगता येणार नाही. काल्मन यांनी या गुणधर्माला नाव दिलं, मराठीत त्याला निरीक्षणक्षमता म्हणतात. वरच्या स्थितीत आवक आणि वापर स्वतंत्रपणे निरीक्षणक्षम नाहीत, फक्त त्यांचा फरक आहे.

पण पंप बंद झाला की लगेच चित्र बदलतं. बंद असताना पातळीचा उतार म्हणजे निव्वळ वापर. पंप सुरू होताच उतारात जो फरक पडतो तो म्हणजे आवक, कारण त्या मिनिटाभरात रहिवाशांचा वापर फारसा बदललेला नसतो. पंपाच्या चालू-बंद होण्यातूनच ही माहिती मिळते. म्हणून कुठल्याही प्रणालीवर ऑब्झर्व्हर लिहिण्याआधी स्वतःला विचारा: दोन वेगळ्या अवस्थांतून सेन्सरवर तंतोतंत एकच आलेख उमटू शकतो का? उमटत असेल तर सेन्सर कुठे लावलाय ते बदला, नाहीतर प्रणालीला मुद्दाम हलवून पाहा.

यातूनच आवकेचा आकडा चुकलाय का हे ओळखण्याची खूण मिळते. तुम्ही २ धरलंय आणि पंप प्रत्यक्षात १.७ देतोय, तर पंप सुरू झाला की अंदाजित वापर पुढच्या विसेक मिनिटांत १५ लिटरने वर चढेल आणि पंप बंद झाल्यावर तेवढाच उतरेल. पंप लागला म्हणून लोक जास्त पाणी वापरायला लागत नाहीत. अशी पायरी रोज दिसली तर आवक पुन्हा मोजा. महापालिकेचं पाणी थेट गच्चीवरच्या टाकीत येत असेल तर तीही एक न मोजलेली आवक आहे. त्या वेळात मिळणारा ‘वापर’ म्हणजे वापर वजा महापालिकेची आवक, हे नोंदीत लिहून ठेवा.

खोटी वाचनं अडवा

तफावत १० सेंमीच्या पलीकडे गेली तर ते वाचन टाकून द्या आणि त्या मिनिटापुरतं फक्त भाकितावर चाला. पण सलग पाच वाचनं टाकावी लागली तर चूक सेन्सरची आहे की आपल्या अंदाजाची, हे प्रोग्रॅमला कळत नाही. कोणी टँकरचं पाणी वर सोडलं असेल, वीज जाऊन यंत्र बराच वेळ बंद राहिलं असेल. अशा वेळी इशारा द्या, अंदाज सेन्सरच्या वाचनावरून नव्याने सुरू करा आणि अर्धा तास पंपाचा निर्णय फक्त पातळीवर घ्या. ही सोय ठेवली नाही तर ऑब्झर्व्हर स्वतःच्याच चुकीच्या भाकिताला धरून बसतो आणि खरी वाचनं नाकारत राहतो.

आता पंप

साधा नियंत्रक पातळी ४० सेंमीला आली की पंप लावतो, १४० ला बंद करतो. वापराचा अंदाज हाती असल्यावर याहून चांगला प्रश्न विचारता येतो: पाणी किती वेळ पुरेल?

उरलेला वेळ = (पातळी − किमान पातळी) ÷ अंदाजित वापर

किमान पातळी २० सेंमी धरा. पातळी ९० सेंमी आहे. सकाळी सात वाजता वापर मिनिटाला ६० लिटर, म्हणजे १.२ सेंमी. उरलेला वेळ ७० ÷ १.२, अंदाजे ५८ मिनिटं. दुपारी दोनला तीच ९० सेंमी, पण वापर १० लिटर, म्हणजे ०.२ सेंमी. उरलेला वेळ ३५० मिनिटं. उरलेला वेळ दीड तासाच्या खाली गेला की पंप लावायचा, असा नियम केला तर सकाळी पंप लगेच लागेल आणि दुपारी थांबून राहील. वीज जाण्याची वेळ ठरलेली असेल तर त्याआधी दीड तासाऐवजी चार तासांची अट ठेवा.

भागाकार करताना वापर शून्याच्या जवळ असेल तर उत्तर भलतंच मोठं येतं, कधी उणेही येतं. म्हणून भागताना वापर ०.०५ च्या खाली जाऊ देऊ नका. ४० सेंमीची जुनी अटही काढू नका, ती खालची शेवटची मर्यादा म्हणून राहू द्या. पंप एकदा लागला की निदान १५ मिनिटं चालावा आणि बंद झाला की निदान १५ मिनिटं बंद राहावा. १४० सेंमीची वरची मर्यादा मात्र या १५ मिनिटांच्याही वर आहे. १५ मिनिटांची अट अशासाठी की वारंवार सुरू होण्याने मोटरचं वाइंडिंग तापतं आणि कॉन्टॅक्टर (मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) झिजतो.

टाकी ओसंडू नये यासाठी प्रोग्रॅमवर विसंबू नका. वरच्या मर्यादेला एक फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) बसवून तो थेट स्टार्टरच्या नियंत्रण तारेत टाका. पाणी वर आलं की प्रोग्रॅम काहीही म्हणो, पंप थांबला पाहिजे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

पंप चालू, पाणी नाही

खालची टाकी कोरडी पडली किंवा पंपाने हवा धरली तर मोटर फिरत राहते, पाणी चढत नाही, आणि पाण्यावाचून पंपाचं सील जळतं. तफावतीत हे लवकर दिसतं. भाकिताला मिनिटाला २ सेंमीची वाढ अपेक्षित असते, ती येत नाही. पोल ०.८ च्या ऑब्झर्व्हरमध्ये तफावत पहिल्या मिनिटाला उणे २, दुसऱ्याला उणे ३.२, तिसऱ्याला उणे ३.८ च्या आसपास जाते. नेहमीच्या दिवशी ती १.७ च्या बाहेर क्वचितच पडते. म्हणून पंप चालू असताना सलग तीन वेळा उणे १.७ च्या खाली गेली की पंप बंद करून इशारा द्यायचा. पंप सुरू झाल्यावरचं पहिलं मिनिट मोजू नका, पाइप भरायला वेळ लागतो.

याच नोंदींतून गळतीही कळते. पहाटे दोन ते चार या वेळात पोल ०.९ चा ऑब्झर्व्हर रोज मिनिटाला अडीच लिटर दाखवत असेल तर तासाला १५० लिटर पाणी कुठेतरी जातंय. बहुतेकदा एखाद्या फ्लशचा व्हॉल्व्ह असतो. तापमानाच्या सरकण्यामुळे अर्धा लिटर इकडेतिकडे होतो, तेव्हा दीड-दोन लिटरच्या वर गेल्याशिवाय कोणाच्या दारावर थाप मारू नका.

आधी स्प्रेडशीटमध्ये

टाकीवर चढण्याआधी हे सगळं स्प्रेडशीटमध्ये चालवून पाहा. एका स्तंभात तुम्ही ठरवलेला खरा वापर, दुसऱ्यात त्यावरून निघणारी खरी पातळी, तिसऱ्यात त्या पातळीत थरथर मिसळून बनवलेलं सेन्सरचं वाचन. थरथर बनवायला शून्य ते एक यांमधल्या बारा यादृच्छिक संख्यांची बेरीज करून तीतून ६ वजा करा आणि ०.५ ने गुणा. पुढच्या चार स्तंभांत ऑब्झर्व्हरच्या चार ओळी. एक ओळ म्हणजे एक मिनिट, एका दिवसाच्या १४४० ओळी. खरा वापर आणि अंदाजित वापर यांचा आलेख एकावर एक काढा. पोल बदला, आवकेचा आकडा मुद्दाम चुकवा, मध्येच पंप ‘कोरडा’ करा. जितके बिघाड इथे घडवाल तितके गच्चीवर ओळखू येतील.

पुढे शिकायचं असेल तर सायलॅब हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो. दोनपेक्षा जास्त अवस्था असल्या की गुणक हाताने काढणं किचकट होतं, तिथे सायलॅब ते पोलवरून काढून देतं. काल्मन फिल्टरकडे, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या काल्मन यांच्या पद्धतीकडे, वळण्याची खरी वेळ येते ती वाचनं मध्येच गायब होत असतील, वेगवेगळ्या अचूकतेचे दोन सेन्सर एकत्र वापरायचे असतील किंवा थरथर वेळेनुसार बदलत असेल तेव्हा. त्यात पोल निवडायचा नसतो. सेन्सर किती थरथरतो आणि वापर मिनिटागणिक किती बदलू शकतो, हे दोन आकडे द्यायचे आणि गुणक तो दर मिनिटाला स्वतः काढतो. आपल्यासारख्या न बदलणाऱ्या प्रणालीत ते गुणक थोड्या वेळाने स्थिर होतात, आणि चार ओळी जशाच्या तशा राहतात.

यंत्र बसवल्यावर पहिला आठवडा पंप जुन्याच पद्धतीने चालू द्या. वॉचमन लावत असेल तर तोच लावेल, यंत्र फक्त नोंद करेल: वेळ, वाचन, भाकीत, तफावत, अंदाजित वापर, पंपाची स्थिती आणि ‘मी असतो तर काय केलं असतं’ हा निर्णय. आठवड्यानंतर तफावतींची सरासरी काढा. पंप चालू असताना आणि बंद असताना अशी वेगवेगळी काढा. दोन्ही शून्याच्या जवळ असतील आणि पंप लागल्यावर वापराच्या आलेखात पायरी दिसत नसेल, तर कॉन्टॅक्टरची तार यंत्राला जोडा. वॉचमनकडचा हाताने बंद करायचा स्विच तसाच ठेवा.